दोर कोणी धरायचा

नागापूरच्या एमआयडीसीत मी मालाची तपासणी करतो. आलेल्या प्रत्येक नगाला मापाचं गेज लावायचं आणि पुढं पास नाहीतर रिजेक्ट लिहायचं, हा माझा धंदा. त्यामुळे समुद्र निवडतानाही मी आधी तक्ता केला. मालदीव, थायलंड, इंडोनेशियातलं कोमोडो आणि इजिप्तचा लाल समुद्र असे चार रकाने; ओळींत पाण्याची स्वच्छता, मोठे मासे, हंगाम, प्रवाहाचा जोर.

आम्हाला जायचं होतं ते बोटीवरच मुक्काम असलेल्या डायव्हिंगला. आठवडाभर बोट किनाऱ्याला लागत नाही. तिथंच झोपायचं, तिथंच जेवायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर सिलिंडर बांधून खाली उतरायचं. भिंगारमधले आमचे घरमालक हे ऐकून म्हणाले होते, "म्हणजे हौसेनं बुडायला जाताय!" मी हसलो होतो.

आमच्या दोघांत पाण्याची खरी ती, माझी बायको. पारनेर तालुक्यातल्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेली. मी जलतरण तलावातला. तरी निवड मीच करत बसलो होतो, कारण ती काही बोलतच नव्हती. कोमोडो? "चालेल." मालदीव? "चालेल." भांडणारी बायको परवडली, पण सगळ्याला चालेल म्हणणारी नाही. माझं डोकं फिरायला लागलं होतं.

रविवारी संध्याकाळपर्यंत सहल कंपनीला ठिकाण कळवायचं होतं आणि फॉर्म पाठवायचे होते. सकाळी फोटो जोडायला म्हणून मी तिचा फॉर्म उघडला. पाण्याखाली एकट्यानं कोणी उतरत नाही. जोडीनं उतरायचं, एकमेकांवर नजर ठेवायची, एकाची हवा संपली तर दुसऱ्यानं आपली द्यायची. त्या जोडीदाराच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं होतं. तिच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं: बोटीवरून देण्यात यावा.

"हे काय आहे?"

"लिहिलंय ते."

"नवरा बरोबर असताना परका माणूस?"

"ओरडू नका," ती म्हणाली. "खाली घरमालक आहेत."

मी ओरडलोच. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. शेजाऱ्याच्या विहिरीत पाण्याची मोटर पाइपासकट तुटून तळाला गेली होती. गावात कुणाचं काही विहिरीत पडलं की बुडी मारायला माझ्या सासऱ्यांनाच बोलावतात. पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली होती. बायको म्हणाली, "मी येते." मग मला गाडी काढावीच लागली.

आम्ही पारनेरच्या रस्त्याला लागलो. बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी अंदमानात आम्ही दोघं खाली असताना मला कासव दिसलं. कॅमेरा घेऊन मी त्याच्या मागं लागलो. वळून पाहिलं तर ती नव्हती. आसपासच असेल म्हणून मी चित्रीकरण पुरं केलं आणि वर आलो. ती बऱ्याच वेळानं आली, दुसऱ्याच बाजूनं, आमच्या गाइडचा हात धरून. तिच्या डायव्हिंगच्या चष्म्यात पाणी शिरलं होतं आणि ती मला शोधत राहिली होती. त्या संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांना सांगितलं, "बायको हरवली, पण कासव सापडलं!" सगळे हसले. तीही हसली, म्हणून मी तो विषय मिटला असं धरलं.

विहिरीवर सासरे आमची वाट बघत होते. त्यांची एक रीत आहे. लाइट गेलेली असली तरी आधी मोटरीच्या पेटीतले फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे. मग विहिरीच्या मालकाला विचारायचं.

"पानी किती हाय?"

"तीन परस आसंल," मालक म्हणाला. उभ्या माणसाच्या उंचीला तिकडं परस म्हणतात.

"कपार कुन्या अंगाला?"

"उगवतीच्या."

शेवटचा प्रश्न ते उतरणाऱ्याला विचारतात. "दोर कुनी धरायचा?" कमरेला बांधलेल्या दोराचं वरचं टोक कोणाच्या हातात द्यायचं, हे उतरणाऱ्यानंच सांगायचं. वरच्यांनी पुढं पुढं करायचं नाही.

मला ही रीत माहीत होती. तरी मी हात पुढं केला होता. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाली, "आबा, तुमी धरा."

"आन् जावई आस्तानी?" मालक हसत म्हणाला. सासरे हसले नाहीत. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि दोर घेतला. चार माणसांत नाक कापलं म्हणतात ते हेच, असं वाटलं. तिच्यावर मला इतका राग आला होता की ती पाण्याखाली गेल्यावर मी पहिल्यांदा पाण्याकडं पाहिलंही नाही.

दोन बुड्यांत तिनं मोटरीला दुसरा दोर बांधला आणि आम्ही ती ओढून काढली. पाइपाचा तुकडा आणि केबल मात्र तळालाच राहिली. ती पायरीवर बसून थंडीनं कुडकुडत होती. उरलेलं काढायला आता मी उतरणार म्हणून शर्ट काढला.

"जमंल का?" सासऱ्यांनी विचारलं.

"न जमायला काय झालं?"

"दोर कुनी धरायचा?"

"हिनं," मी रागातच म्हणालो.

तिनं माझ्या कमरेची गाठ तपासली. "कपारीकडं जाऊ नका. मी दोनदा ओढलं की वर यायचं," एवढंच म्हणाली.

मी खाली गेलो. वरचं हिरवं पाणी संपलं आणि मग स्वतःचा हात दिसेना. कान दुखायला लागले. पाइप चाचपडत असतानाच केबलचा वेढा पायात अडकला. पाय झटकला तसा तो आणखीच आवळला. छातीतली हवा संपत आली आणि मी घाबरलो. खरं सांगतो, आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. तेव्हा कमरेचा दोर जाणवला. तो ओढत नव्हता आणि ढिलाही नव्हता. वर कोणीतरी बोटांनी माझी खबर घेत होतं. मी झटकणं थांबवलं, वाकून वेढा सोडवला. तेवढ्यात दोराला दोन हिसके बसले आणि मी वर आलो.

पाइप तळालाच राहिला. पायरीवर मला ठसका लागला होता, आणि ती माझ्या पायावरचा वळ बघत होती. अंदमानात हिच्या कमरेला दोर नव्हता. तिथं दोराच्या जागी मी होतो.

"मामा," मी सासऱ्यांना म्हणालो, "अंदमानात ही हरवली नव्हती. मीच हिला खाली सोडून गेलो होतो."

सासरे दोराची वेटोळी करत होते. त्यांचा हात थांबला. "ही कदी बोलली न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी उरलेली वेटोळी पुरी केली. पाइप उद्या बघू म्हणून मालक घरी गेला.

परतताना भाळवणी गाव मागं पडल्यावर ती आपणहून बोलली. "थायलंड."

"का?"

"तुमच्या तक्त्यात तिथला प्रवाह सगळ्यात कमी आहे. आपल्याला तेवढंच झेपतं."

आपल्याला, असं ती म्हणाली. ते मला फार बरं वाटलं आणि त्या भरात मी घाई केली. "मग फॉर्ममध्ये जोडीदार बदलू?"

तिनं ओल्या केसांवरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला आणि घडी घातली.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली. "उतरताना सांगेन."