पोर्चवरचा चुना

बहात्तर साली, नाताळाच्या आधी, आमच्या घरानं देवणीजवळचं गाव सोडलं. विहीर आटली होती. खडी फोडायचं दुष्काळी काम गावापासून लांब गेलं होतं आणि वडिलांना नांदेडच्या एका गोदामात हमाली मिळाली होती. एसटी यायच्या आधी आईनं घागरीतलं उरलेलं पाणी शेणात कालवून घर सारवलं.

"प्यायचं पाणी भुईला घालून राहिलीस?" वडील म्हणाले.

"घर पारोसं टाकून जाऊ न्हाई," आई म्हणाली.

सारवण वाळायच्या आत आम्ही निघालो. चर्चसमोर याकोबकाका उभे होते. ते वडिलांचे चुलतभाऊ. चर्चची किल्ली आणि घंटा त्यांच्याकडे असे. घंटा उपासनेला आणि मयतीला द्यायची, गाव सोडून जाणाऱ्यांसाठी नाही. त्यांनी नुसता हात वर केला.

नांदेडला स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत मी डार्करूमचं काम शिकलो. पुढं पुण्यात एका दैनिकात फोटोग्राफर झालो. मोर्चे, उद्घाटनं, अपघात. सुट्टीच्या दिवशी मात्र लहान गावांतल्या जुन्या चर्चचे फोटो काढत हिंडायचो. आमच्याकडच्या चर्चचा नकाशा मिशनच्या साहेबानं आणलेला असे, पण दगड घडवणारा गवंडी इथलाच. त्यानं आधी दर्गा बांधलेला असायचा, बारव बांधलेली असायची. म्हणून दारावर टोकदार कमान येते आणि उंबऱ्याशेजारी कमळ. अशी इमारत काढायला वेळ लागतो. कॅमेरा वर उचलला की फोटोत मनोरा मागं कलतो, म्हणून समोरच्या घराच्या माळवदावर चढावं लागतं. मग ऊन तिरपं होईपर्यंत आणि चौकटीतली माणसं, सायकली, शेळ्या निघून जाईपर्यंत थांबायचं. गावाबाहेर पडलेल्यांना थांबायची सवय असते.

मधल्या काळात लातूर जिल्हा झाला. तालुक्याला जोडणारे रस्ते रुंद व्हायला लागले. ऐंशीच्या दशकात पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या चर्चच्या पोर्चवर लाल रंगाची फुली आली. पोर्च रस्त्यात येत होता. मोजणीला आलेल्या इंजिनिअरनं काकांना सांगितलं की इमारत जुनी असल्याचं दाखवा, फोटो आणा, रस्त्याची रेघ सरकवता आली तर बघू.

जुनेपणाचा पुरावा एकच होता. पोर्चच्या कमानीवर दगडी पाटी होती. तिच्यावर मराठीत एक ओळ, उर्दूत एक ओळ आणि खाली निजामाच्या काळातलं फसली साल कोरलेलं. काका एसटीनं नांदेडला आले आणि वडिलांना म्हणाले, "पोराला मशीन घिऊन यायला सांग."

मी पोचलो तेव्हा उन्हाळा लागला होता. एसटीतून उतरून चालत निघालो. वळणावरून चर्च दिसलं आणि मी ट्रायपॉड खाली ठेवला. काळ्या दगडाची अख्खी इमारत पांढरी झाली होती. भिंतींना चुना, पोर्चला चुना. कमानीवरच्या पाटीला फिकट निळा ऑइलपेंट दिला होता, दोन हात. अक्षरं बुजून दगड सपाट झाला होता. लाल फुलीही चुन्याखाली गेली होती.

"सलाम, काका. हे कधी केलं?"

"परवा. तू यायचास म्हणून घाई केली." ते खुशीत होते.

"काका, इमारत जुनी दिसायला पाहिजे होती."

"जुनी तर हायच की. तुला ठावं न्हाई?"

"मला ठाऊक आहे. साहेबाला फोटोतून कळायला पाहिजे."

"अरे, फोटो निघायचा म्हणल्यावर पारोसं कसं ठिवावं? पाव्हण्याम्होरं तोंड न धुता कोण उभं ऱ्हातंय?"

बायका पोर्चच्या सावलीत बसल्या होत्या. काकांची बायको मार्थाकाकू म्हणाली, "पुण्याची माणसं तोंड न धुता फोटो काढतेत वाटतं. म्हणून तर ह्यो असा दिसून राहिला." बायका हसल्या. मग तिनं सांगितलं की चुना कालवायला पाणी टँकरचं होतं. घरटी एकेक घागर निघाली. शेजारच्या बौद्ध वस्तीतूनही बायकांनी घागरी दिल्या.

भिंत धुऊन काढावी, असं एकानं सुचवलं. काकू म्हणाली, "धू. तुझ्या वाटणीच्या पाण्यानं धू." तो विषय तिथंच संपला.

आम्ही गोणपाटानं कोरडंच घासलं. चुन्याची भुकटी निघाली, दगड करडा झाला. पाटीवरचा रंग मात्र निघेना. छिन्नी लावावी तर अक्षरांच्या कडा जातील. शेवटी तिरप्या उन्हाची वाट पाहिली. कोरीव दगडावर ऊन बाजूनं आलं की खोलगट भागात सावली धरते आणि झिजलेली अक्षरंही वाचता येतात. ऊन आलं. पाटीवर ब्रशचे फटकारे तेवढे दिसले.

मी छताची लाकडं काढली, उंबऱ्याशेजारचं कमळ काढलं, घंटा काढली. समोरून शेवटची फ्रेम घेताना माळवदावरून हात हलवून सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. धुतलेला सदरा घातलेले काका दारातून हलले नाहीत.

"बिनमाणसाचं चर्च काय काढतोस?" ते खालून ओरडले. "बंद पडल्यावर काढ तसलं."

त्यांच्याभोवती बायका येऊन उभ्या राहिल्या. मी शटर दाबलं.

प्रिंट घेऊन काका लातूरला गेले. इंजिनिअरनं ते एकेक करून नीट पाहिले. इमारत चांगल्या स्थितीत आहे, असं तो म्हणाला. पाटी कुठंय, असं त्यानं विचारलं. काकांनी निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. रेघ सरकली नाही. पावसाळ्याआधी पोर्च उतरवला. पाटीचा दगड काढताना दुभंगला.

काका आता नाहीत. वडीलही नाहीत. पुण्यात माझा फ्लॅट आहे आणि पत्ता विचारला की मी तोच सांगतो. समोरून घेतलेली ती फ्रेम आईनं नांदेडच्या खोलीत लावली आहे. आल्यागेल्यानं विचारलं तर ती चर्च म्हणत नाही. "आमचं घर हाय," म्हणते, आणि दारातल्या माणसांची नावं सांगते.

चर्चमध्ये दर रविवारी उपासना होते. पोर्च होता त्या भिंतीवर कमानीची खूण राहिली आहे. नाताळाआधी चुना देतात तेव्हा ती झाकली जाते. उन्हाळ्यापर्यंत पुन्हा वर येते.