पलंगाच्या दांड्यावरची घंटी

मी कंडक्टर माणूस. सगळा जन्म लोकांवर खेकसण्यात गेला. त्यामुळे आयसीयूतल्या त्या सिस्टरनं भेटल्या भेटल्या चौकशा सुरू केल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं. पेशंटला घरी काय म्हणतात? चिडले की काय करतात? म्हटलं, "बाई, आम्ही काय लग्न जमवायला आलोय?"

"बाकीच्या सिस्टर पण मला हेच म्हणतात," ती हसली. "तरी सांगा."

माझ्या लेकीच्या वयाची पोर. शुद्धीवर नसलेल्यांशीही बोलायची. आता तुमची कूस बदलतेय हं, आता सुई टोचणार, बाहेर ऊन पडलंय. मला वाटायचं, भिंतीशी बोलतेय बिचारी.

पेशंट म्हणजे आमचे उस्ताद, माझ्या बसचे ड्रायव्हर. न्यूमोनिया झाला म्हणून तोंडातून नळी घालून मशीनवर ठेवलं होतं. छाती आता बरीच सुधारली होती, पण नळीतला कफ ओढायला गेलं की हा माणूस जिवाच्या आकांतानं झटापट करायचा, नळी उपटायला बघायचा. म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधलेले. डॉक्टरांनी उस्तादांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, स्पष्ट सांगितलं होतं, आज शांत राहिले तर नळी काढू. नाहीतर परत औषधानं झोपवायचं आणि उद्या गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चिडले की काय करणार?" मी म्हटलं. "दुसऱ्यानं स्टिअरिंगला हात लावलेला त्यांना खपत नाही. ऐकतात ते फक्त माझ्या घंटीचं. एक टोला, थांबा. दोन टोले, चला."

सिस्टर उस्तादांच्या कानाशी वाकली. "उस्ताद, तुम्ही दवाखान्यात आहात. घरच्या इथंच उभ्या आहेत. कफ काढायचाय. त्रास होईल, खोटं नाही सांगत. पण आज घंटी तुमच्याकडे. एक टोला दिलात की मी थांबेन."

आणि तिनं चक्क उजवा हात सोडून पलंगाच्या दांड्यावर ठेवला. मी मनात म्हटलं, झालं! आता नळी बाहेर.

दांड्यावर दोन टोले देऊन तिनं सुरुवात केली. उस्ताद लालबुंद झाले. हात उचलला, नळीकडे निघाला. वहिनींनी डोळे मिटून घेतले. हात मध्येच अडखळला आणि दांड्यावर आपटला. एकदाच.

सिस्टर थांबली. कफ घुरघुरत होता, डॉक्टर दारात ताटकळत होते. मलाच राहवेना. "अहो, आटपा की एकदाचं!" तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो. हात बाजूला घेऊन ती नुसती उभी राहिली. उस्ताद टक लावून तिच्याकडे बघत होते. मग बोटांनी, आपणहून, दोन टोले.

असं थांबत थांबत सगळं पार पडलं. झटापट नाही की काही नाही. दुपारी नळी निघाली आणि मी हुश्श करून खुर्चीत बसलो.

"कुठं दुखतंय का हो?" वहिनींनी विचारलं.

उस्तादांनी नाही म्हणून मान हलवली. आवाज पार बसला होता. "मला वाटलेलं, मी मेलोय," ते म्हणाले. "कुणी काही विचारतच नव्हतं. ह्या थांबल्या, तेव्हा कळलं, आहे मी अजून."