डिझेलला साजेसा गिअरबॉक्स

नागापूरचे मिस्त्री गिअरबॉक्स डोळे मिटून निवडायचे. शाफ्ट हातानं फिरवत पुटपुटायचे, "आता घाट लागला..." आणि स्वतःशीच हसायचे.

लष्कराच्या लिलावातल्या माझ्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवायचं होतं. मी एक चकचकीत गिअरबॉक्स त्यांच्याकडे नेला.

"ह्यो डिझेलचा जोर न्हाई सोसायचा, डॉक्टर. तुमी तिसगावकडं जनावरं बघाया जाता. वाटंत तुटला तर?"

मी चिडलो. महिनाभरानं त्यांनी दुसरा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना जोर देणारा ट्रान्स्फर जोडीनं बसवून दिले. जीप लोण्यासारखी चालली.

आभार मानायला गेलो, तर त्यांची स्वतःची डिझेल जीप विटांवर उभी होती, पोटातून रिकामी. मिस्त्री आत बसले होते, डोळे मिटून. गिअरचा दांडा असायचा तिथल्या हवेत त्यांचा हात सावकाश गिअर बदलत होता.