न्हाणीतली दुसरी बाळंतीण

खाडीवर पूल व्हायच्या आधीची, ऐंशीनंतरची गोष्ट. पलीकडे जायला माझ्या होडीशिवाय वाट नव्हती. आजा, बापूस आणि मी, तिघांनी तेच काम केलं. शाळेत मी दुसरीच्या पुढे गेलो नाही, पण पाण्याखालचा वाळूचा दांडा कुठे सरकलाय ते पाण्याचा रंग बघून सांगायचो. म्हणूनच त्या वैशाखात जे झालं ते मला फार लागलं.

झोप मला सोडून गेली होती. दिवस मावळला की अंथरुणावर पडायचं आणि कोंबडा आरवेपर्यंत वासे बघायचे. दुपारी मात्र मासे-भात पोटात गेला की डोळे आपोआप मिटत. तसेच ते एकदा भर खाडीत मिटले. जाग आली ती होडी दांड्यावर चढल्यावर. ओहोटी लागलेली. कुडाळचा बाजार करून आलेली माणसं मांडीवर पिशव्या घेऊन, भरती येईपर्यंत उन्हात बसली. सगळ्यांनी मिळून होडी ढकलून बघितली, बोटभर हलली नाही. पुढे पाणी चढलं तशी कोणी हात न लावता सुटली.

गावातले चार जाणते घरी आले. "पावसात होडी बंदच आसता. नारळी पुनवेक परत सुरू करतलंस तेव्हा बघू. झोपेचा असाच रवला, तर वल्हा दुसऱ्याच्या हातात देवचा लागतला."

"बघा तर कोण घेता तो," मी म्हटलं. पण आतून हललो होतो.

बायकोने मला कुडाळला डॉक्टरकडे नेलं. पोरगेलासा डॉक्टर. छाती तपासली, रक्तदाब बघितला. मी झोपेची गोळी मागितली, त्याने दिली नाही. "काका, दुपारी अजिबात झोपायचं नाही. रात्री डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. पडूनही झोप येईना, तर उठून बाहेर बसायचं. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळेला उठायचं." इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाला, "आणि तिन्हीसांजेनंतर चांगल्या गरम पाण्याने सावकाश अंघोळ करायची. अंग तापतं, मग निवायला लागतं, आणि निवता निवता झोप येते."

मी उठलोच. आमच्याकडे बाप्या माणूस बावीवर, उघड्या विहिरीवर न्हातो. माघातसुद्धा थंड कळशी डोक्यावर घेणारा मी. गरम पाणी म्हणजे आजाऱ्याला, नाहीतर बाळंतिणीला. आणि त्याच पावसात घरातच बाळंतीण झाली. आमची मुलगी पहिल्या खेपेला, होडी बंद व्हायच्या आधीच माहेरी आली होती, तिला मुलगी झाली. न्हाणीतल्या चुलीवर सकाळ-संध्याकाळ हंडा तापायला लागला.

दुपारच्या झोपेचा बंदोबस्त बायकोने केला. "तुमका निजाचा नाय मां? मगे पाळण्याची दोरी धरा. ती दोघा तरी निजतली." दोरी ओढता ओढता मान खाली गेली की नात रडायची आणि आतून मुलगी ओरडायची, "बाबा, पाळणो थांबलो!" होडी बंद पडली तरी कामगिरी सुटली नव्हती.

दुपार अशी सुटली, पण रात्र काही सुधारेना. शेवटी एका संध्याकाळी बायका माजघरात आहेत असं बघून मी न्हाणीचं दार ओढून घेतलं आणि हंडा रिकामा केला. बाहेर आलो तो तडक गोधडीत शिरलो, अंगातली ऊब जाऊ नये म्हणून. घामाने भिजलो आणि टक्क जागा. डॉक्टरने फसवलं म्हणून मनात त्याचा उद्धार केला.

नेमकी त्याच वेळी मुलीला शेक द्यायला येणारी म्हातारी आली. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी, जिभेने त्याहून मोठी.

"गो, हंड्यातला पाणी खंय गेला?"

बायको म्हणाली, "न्हाणयेत दुसरी बाळंतीण जावन इली."

म्हातारी माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. "काय रे, चेडू झाला काय झील?"

"ना मुलगी, ना मुलगो. जन्मात पयल्यांदा गरम पाणी घेतलंय," मी गुरकावलो, "आणि गुण शून्य."

"पयल्यांदा? तू जल्मलंस तेव्हा माज्या आवशीन तुका कडत पाण्यान न्हाऊ घातल्यान. मी तांबयो धरून उभी होतंय. न्हालंस आणि पायावरच निजलंस. आता मोठो बावीवरचो पैलवान!"

बायको हसून हसून बेजार. मग तिनेच विचारलं, "डॉक्टरान अंग निवाक व्हया म्हणून सांगलेला. गोधडेत घुसलात तर निवतला कसा?"

ते मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी उघडपणे न्हायला लागलो. अंघोळ झाली की अंग पुसून पडवीत बसायचं. पागोळ्यांवरून गार वारा यायचा, अंग हळूहळू हलकं व्हायचं, डोळे जड व्हायचे, तेव्हा आत जायचं. लगेच सगळं जमलं असं नाही. कधी पडून राहायचो आणि झोप नसायची. अंथरूण सोडून उठणं मला हरल्यासारखं वाटे. मग तो वाळूचा दांडा आठवायचा, आणि उठून पडवीत यायचो. भरती व्हायची तेव्हा व्हायची. श्रावण लागेस्तोवर ती रोज यायला लागली होती.

नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला आणि होडी पाण्यात ढकलली. जाणते काठावर उभे होते. मुलीचं सासर पलीकडे, तेव्हा पहिल्याच खेपेला ती निघाली. शेक देणारी म्हातारी पोचवायला आली होती, तिने काठावरून हाक दिली, "निजा नको रे!" होडीतली माणसं हसली. मीही हसलो आणि वल्हं मारलं. पाणी गढूळ होतं, पण दांडा मला दिसत होता. त्याला वळसा घालून धक्क्याला लागलो तेव्हा होडीत एकच माणूस झोपलेलं होतं, आईच्या मांडीवर. काठावरचे जाणते केव्हाच घरी गेले होते.

संध्याकाळी बायको न्हाणीच्या दारात उभी. "बाळंतीण गेली. हंडो उतरू काय?"

"एक आसा अजून," मी म्हटलं. "तापय."