भिंतीवरचं नाव

नारायणगावचा तो पेंटर दर मे महिन्यात आमच्या येडगावच्या शाळेच्या भिंतींवर सुविचार रंगवायला यायचा. तेव्हा फ्लेक्स आले नव्हते. कानावर ब्रश अडकवलेला असायचा, आणि अक्षर काढताना तेच अक्षर तो तोंडानं हळू म्हणायचा. सुविचार मी निवडून द्यायचो. एखाद्याखाली नाव नसलं की तो अडून बसायचा.

"कुणाचंबी टाका गुरुजी, पण मोठं टाका. खाली मोठं नाव असलं की भिंतीवर कुणी थुंकत नाय."

एका वर्षी तो आला तेव्हा त्याची बायको नुकतीच गेली होती. फाटकाजवळची भिंत त्यानं मला न विचारताच रंगवली. 'दारात कुणी आलं, तर आधी पाणी द्यावं, मग काम विचारावं.'

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"आमच्या घरात ती रोज म्हणायची," असं म्हणत तो खाली एका मोठ्या पुढाऱ्याचं नाव काढू लागला.

"अहो, तिचंच टाका की."

"नको. तिच्या नावावर कुणी थुंकलेलं मला बघवायचं नाय."

पंधरा ऑगस्टला एका मुलीनं भाषणात ते वाक्य त्या पुढाऱ्याच्या नावानं खणखणीत म्हटलं. टाळ्या पडल्या. झेंडावंदनाला आलेला पेंटर फाटकाशी उभा होता, त्यानंही वाजवल्या.

"थुंकलं नाय कुणी," तो मला म्हणाला. मग खांद्यावरच्या टॉवेलानं त्यानं बायकोच्या ओळीवर उडालेला चिखल पुसून काढला. खालच्या नावाला मात्र हात लावला नाही.