शीआनमध्ये रोटी आपणच कुस्करायची

स्किपोलला विमानाची वाट बघताना ईरा म्हणाली, "बाबा, यू आर द गाइड. शीआन तुझंच गाव आहे." मी हसलो आणि कॉफी आणायला उठलो. कॉफी माझ्या हातात होतीच.

चिपयंत्रांच्या कामासाठी मी चीनमध्ये शीआनला इतक्यांदा गेलोय की नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या घरात त्या शहराचं नाव मामाच्या गावासारखं घेतात. लहानपणी ईरा फोनवर विचारायची, आज काय पाहिलंस? मी सांगायचो : तट, घंटाघर, मातीचे सैनिक. खरं तर हॉटेल, टॅक्सी, कारखान्यातली धूळमुक्त क्लीनरूम, टॅक्सी, हॉटेल, एवढंच पाहिलेलं. तिचे वाढदिवस बुडवून नुसतं 'काम केलं' म्हणायला जीभ रेटत नसे. आता ती शिकायला डेल्फ्टला चाललीय. त्याआधी तिला माझ्या गोष्टींतलं शहर माझ्याबरोबर बघायचं होतं.

पहिल्या सकाळी आम्ही दक्षिण दरवाजाने तटावर चढलो. तुम्ही गेलात तर सकाळीच जा आणि पासपोर्ट जवळ ठेवा, तिकिटाला लागतो. वर सायकली भाड्याने मिळतात. चार मोटारी शेजारी शेजारी जातील एवढा रुंद तट, एका बाजूला जुनी कौलं, दुसऱ्या बाजूला काचेचे मनोरे. विटांच्या खाचांवरून जाताना दात वाजतात. फीट्सपाडवर (सायकलींच्या रस्त्यावर) वाढलेली माझी मुलगी सुसाट पुढे. मी धापा टाकत मागे, आणि उगाच हसत. इतका आनंद मला त्या शहरात कधी झाला नव्हता.

पुढच्या बुरुजाशी ती थांबली. "मोर कुठायत?"

"कुठले मोर?"

"तू सांगायचास. तटावर मोर फिरतात."

"या दिवसांत नसतात," मी म्हणालो.

दुपारी ढोलघरामागच्या मुस्लिम मोहल्ल्यात शिरलो. जिऱ्याचा धूर, डाळिंबाचा रस, ओट्यावर आपटून ताणलेल्या पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स. आम्ही पाओमो (मटणाच्या रश्शातली रोटी) मागवलं. समोर आले रिकामे वाडगे आणि जाड, कोरड्या रोट्या.

"रस्सा येतोय, तू सुरू कर," म्हणत मी रोटीचा चावा घेतला.

शेजारच्या टेबलावरच्या आजी हसत सुटल्या. त्या फोनमध्ये काहीतरी बोलल्या आणि फोन इंग्रजीत म्हणाला, "तुझे वडील स्वयंपाकाआधीच जेवत आहेत." मग त्यांनी करून दाखवलं. रोटी आपणच कुस्करायची, हरभऱ्याएवढी बारीक. मग वाडगा आत जातो आणि रस्सा घालून परत येतो.

ईरा माझ्याकडे बघत होती. "बाबा, तू इथे कधी जेवलाच नाहीस."

हात रोटीत आणि नजर वाडग्यात असली की बोलणं सोपं जातं. मी सगळं सांगितलं.

"सोल्जर्स?"

"हॉटेलच्या लिफ्टमध्ये चित्र होतं."

"आणि मोर?"

"तू विचारत होतीस आणि मला दुसरं काही सुचेना."

"मी स्प्रेकबर्टसाठी (वर्गापुढच्या भाषणासाठी) चित्रात मोर काढले होते, बाबा."

तिने आपली रोटी कुस्करून संपवली. मग तिने माझा वाडगा ओढला. "हे फार मोठे आहेत. आजी ओरडतील." आणि माझे तुकडे तिने स्वतः बारीक केले. आत गेलेले वाडगे परत आले. त्या रश्शाची चव सांगत बसत नाही, जाऊन घ्या.

दुसऱ्या दिवशी सैनिक पाहिले. पहिलं दालन बघून परतू नका, मागची लहान दालनंही बघा. रांगेतले चेहरे एकमेकांसारखे नाहीत. "हा तुझ्यासारखा," ईरा एकाकडे बोट दाखवत म्हणाली, "काहीतरी लपवतोय." कठड्याला रेलून आम्ही दोघंही ते पहिल्यांदाच बघत होतो. गाइड कुणीच नव्हतं, आणि तिला घाई नव्हती.

परत आलो तेव्हा फेल्डहोवनला पाऊस होता. माझ्या बायकोने, वैशालीने दार उघडलं. "काय काय पाहिलंत? मोर दिसले?"

ईराने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी कॉफीच्या निमित्ताने सटकलो नाही.

"मोर नाहीत," मी म्हणालो. "कधीच नव्हते."

"माहितीय मला. तू तट सांगायचास आणि मागे लिफ्टची घंटी वाजायची."

"मग बोलली का नाहीस?"

"फोन तरी येत होता." तिने माझ्या हातातली बॅग घेऊन भिंतीला टेकवली. "चल, आता खरं सांग. तटावर काय होतं?"

ओला कोट अंगात तसाच ठेवून मी सांगायला लागलो.