खिळ्यावरची गिटार

काल लेकीनं आतल्या खोलीत एक जुनं रॉक गाणं लावलं. गिटारची ती सुरुवात ऐकली आणि मला कोयनानगरचं घर आठवलं.

फौजेतला माझा दादा सुट्टीवर आला की एवढीच सुरुवात वाजवायचा. पुढचं त्याला येत नव्हतं. एरवी गिटार त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. भूकंपाचा धक्का बसला की तिच्या तारा घुमायच्या आणि आम्ही अंगणात पळायचो. म्हणून दादानं जाड तार छेडली तरी आई दाराकडं धावायची.

"आगं, भूकंप न्हाई, मी हाय!" दादा हसायचा.

दादा शहीद होऊन महिना झाला होता. भरदुपारी तारा घुमल्या. आम्ही बाहेर पळालो. आई मात्र आत, त्याच्या खोलीकडं. "येडी झालीस का?" मी ओरडले.

काल हातातलं लाटणं टाकून मीही आतच धावले.